जावयाला मी जामीन राहिले

"साहेब, तो खोटं बोलतोय," मी मॅजिस्ट्रेटना सांगितलं. जावई माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, त्याच्या मागे माझी मुलगी. "गर्दुल्ला आहे तो. खोटं बोलण्यात हयात गेली त्याची. तपासणीच्या आदल्या दुपारी असा झोपला होता, की हाका मारून उठला नाही. शुद्धीतला माणूस तसा झोपत नाही."

मॅजिस्ट्रेट तोवर दुसऱ्या तपासणीचा हुकूम द्यायच्या बेतात होते. पेन हातात होतं. ते थांबले.

"तुम्ही कोण यांच्या?"

"सासू. आणि जामीनदार."

"एकाच घरात राहता?"

"एकाच खोलीत."

पुढचं त्यांनी टाइप करणाऱ्या बाईला इंग्रजीत सांगितलं. सरकारने दिलेला वकील खाली मान घालून कागद गोळा करायला लागला, त्यावरून मला कळलं की संपलं. जावई म्हणाला, "मामी, आईची शपथ, मी काही घेतलं नाही." हवालदाराने त्याचा दंड धरला. मुलगी माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती.

आमची चाळ डिलाईल रोडला. जावई शेजारच्याच चाळीतला. चड्डीत फिरायचा तेव्हापासून मला मामी म्हणायचा, लग्नानंतरही मामीच म्हणत राहिला. रे रोडच्या लाकडाच्या वखारींवर टेम्पो चालवायचा. तिथे त्याला गर्दाची सवय लागली, ती भुरी पावडर कागदावर जाळून ओढायची. सहा-सात वर्षं त्याने आम्हाला धुऊन काढलं. माझा तांब्याचा हंडा नेला, मिक्सर नेला, गॅसची शेगडी नेली आणि वर मुलीबरोबर ती शोधायलाही लागला. त्यामुळे त्याच्या शपथा मी कानामागे टाकायची.

पोलिसांनी धरलं तेव्हा खिशात दोन पुड्या होत्या. त्याने गुन्हा कबूल केला. माल थोडा, स्वतःपुरता, म्हणून कोर्टाने शिक्षा बाजूला ठेवून उपचाराला पाठवलं. आधी इस्पितळात भरती व्हायचं. बाहेर आल्यावर वर्षभर दर सोमवारी लघवी तपासून घ्यायची. नशा सापडली तर कोर्टात हजर होऊन शिक्षा भोगायची. ह्याची हमी द्यायला जामीनदार लागत होता. त्याच्या भावांनी हात वर केले. मुलगी माझ्या मागे लागली, कारण खोलीची भाडेपावती माझ्या नावावर.

"त्याच्या पायी माझी खोली गेली तर?" मी विचारलं.

"आणि तो आत गेला तर मी काय करू, ते सांग."

मी सही केली. चौथीपर्यंत शिकले आहे, सही नीट येते. वरचा मजकूर कोणी वाचून दाखवला नाही आणि मीही विचारला नाही.

मुलगी लोअर परळच्या एका ऑफिसात हाऊसकीपिंगला, तिला सोमवारी सुट्टी मिळायची नाही. म्हणून जावयाबरोबर इस्पितळात मी जायची. संडासाचं दार उघडं ठेवून वॉर्डबॉय त्याच्या मागे उभा राहायचा. कोणी दुसऱ्याची लघवी आणून देऊ नये म्हणून तसा नियम होता. मला बाहेरून ऐकू यायचं.

"दादा, तुम्ही असे टक लावून राहिलात तर व्हायची कशी?"

"मला काय हौस आहे? डॉक्टरला सांग ना, मला दुसरी ड्युटी द्या म्हणून."

मग नर्स डबीत पट्टी बुडवायची. पहिल्या सोमवारी दोन रेघा उमटलेल्या बघून मी म्हटलं, "सापडला मेला." नर्स हसायला लागली. "आजी, ही बायकांची टेस्ट नाही. इथे दोन आल्या की माणूस साफ. एकच आली तर घोटाळा."

आठ महिने दोन रेघा येत राहिल्या. खोटं कशाला सांगू, तो सुधारला होता. सकाळी नळावरून पाणी भरायचा, लालबागच्या एका दुकानाचा माल पोचवायचं काम धरलं होतं, माझ्या डब्यांना हात लावत नव्हता. मी तरी डबे मोजत होते.

झोप मात्र त्याला लागायची नाही. पाय झाडायचा, नाहीतर उठून गॅलरीत फेऱ्या मारायचा. आमच्या गॅलरीच्या फळ्या करकरतात, त्याने माझीही झोप उडायची. डॉक्टर झोपेची गोळी देईनात, तिचीही सवय लागते म्हणाले. शेवटी मी खसखशीची खीर केली. गावाला माझी आई झोप न येणाऱ्याला तीच द्यायची, बाळंतिणीलाही द्यायची. वाटीभर खसखस भिजवली, पाट्यावर वाटली, नारळाचं दूध आणि गूळ घालून शिजवली. शनिवारी संध्याकाळी त्याला एक वाडगा दिला, रविवारी जेवणावर दोन. मायेने दिली असं नाही. मला झोपायचं होतं.

"मामी, काय झालीय गं! आज जावई आठवला वाटतं."

"गिळ आणि पड."

तो पडला. चार वाजता चहाला हाका मारल्या तरी उठला नाही.

सोमवारी एकच रेघ आली. नर्सने नवीन पट्टी फोडून बुडवली. तीवरही एकच. जावयाने टेबल धरलं. "सिस्टर, पट्टी खराब असेल." ती म्हणाली, "दोन्ही?" डॉक्टर आले. त्यांनी आम्हा दोघांना विचारलं की काही औषध घेतलंय का, खोकल्याचं, दुखण्याचं. तो नाही म्हणाला. मीही नाही म्हटलं. खीर माझ्या डोक्यातही आली नाही, आणि त्याच्याही आली नसणार.

घरी येता येता मी हिशोब जुळवला. रविवारी सकाळी तो मटण आणायला गेला आणि तासाभराने आला. मटणाला तास लागतो का? वर ती दुपारची झोप. खिरीने गुंगी येते, पण इतकी नाही. मला वाईट वाटलं नाही. मी सांगत होते तेच खरं झालं, ह्याचं बरंच वाटलं.

कोर्टाच्या तारखेच्या आधी शेजारीण म्हणाली, "जामीनदाराची खोली जप्त करतात, माहीत आहे ना?" चाळ पाडून टॉवर व्हायचा होता, कागदपत्रं चालू होती. मी ठरवलं, आपले हात आपण झटकून मोकळं व्हायचं. कोर्टात मी बोलले त्यात निम्मी ती खोली होती. जप्ती-बिप्ती काही झाली नाही. त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली.

मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. पाणी आलंय. भात लावलाय. मी ते चालू दिलं.

मे महिन्यात मी वर्षाचा मसाला कुटायला लालबागला डंकावर गेले. माझ्यापुढे एक बाई होती.

"दोन किलो जास्त कुटा," ती मालकाला म्हणाली. "मुलगा दुबईला चाललाय, त्याच्याबरोबर द्यायचाय."

"खसखस आहे ह्यात?"

"हे काय विचारणं? खसखशीशिवाय मसाला होतो का?"

"मग त्याचा वेगळा करा, ताई. तिकडे खसखस सापडली तर पोराला आत टाकतील."

"खसखशीला?"

"अफूची बी ती. अफूच्या बोंडातलीच. आता तोंडावर हात काय ठेवताय, जन्मभर खाल्लीत की."

मी मिरच्यांच्या पोत्यावर बसले. लोकांना वाटलं, मला ठसका लागलाय. गर्द अफूपासून होतो हे मला माहीत होतं, इतक्या वर्षांत तेवढं कळलंच होतं. मी मालकाला विचारलं, "खाल्ली तर लघवीत येते का?"

"आजी, मी मिरच्या कुटतो. लघवीचं डॉक्टरला विचारा."

मसाला तिथेच ठेवून मी इस्पितळात गेले. तीच नर्स होती. सगळं ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

"किती खसखस होती?"

"वाटीभर."

"डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं ना, आजी?"

"औषध विचारलं होतं. खाणं कुठे विचारलं?"

ती म्हणाली, पट्टीला दोन्ही सारखंच. मोठ्या लॅबमध्ये बारकाईने बघतात, तिथे फरक कळला असता. "कोर्टात दुसरी तपासणी मागायची होती तुम्ही."

"कोर्ट देत होतं," मी म्हटलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. वकिलाने अर्ज केला. पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर होते, दुसऱ्या तारखेला फाईल सापडली नाही. वकील म्हणाला, "आजी, हे सगळं होईपर्यंत तो तसाही सुटेल." त्याचं म्हणणं बरोबर ठरलं.

तुरुंगात मुलाखतीला मी एकटी गेले. मध्ये काच, बोलायला फोन. मी आडवळण न घेता सांगितलं, "ते खसखशीने झालं. खीर मी केली होती, आणि कोर्टात आत घातलं तेही मीच."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग हसायला लागला, इतका की हवालदाराने वळून बघितलं.

"मामी, मला वाटायला लागलं होतं की मीच घेतली असेल. पट्टी म्हणतेय, डॉक्टर म्हणतोय, तू म्हणतेस. म्हटलं, घेतली असेल, आठवत नसेल."

"नव्हती घेतलीस."

"तेव्हा नव्हती," तो म्हणाला. "आता घेतो. इथे मिळते."

त्याच संध्याकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. ती वाळलेले कपडे घडी करत होती.

"त्या दिवशी तू गप्प बसली असतीस तर?"

"दुसरी तपासणी झाली असती."

"आणि?"

"आणि घरी आला असता."

तिने घड्या पूर्ण केल्या. तो सुटून आला त्याच आठवड्यात ती त्याला घेऊन नालासोपाऱ्याला भाड्याने राहायला गेली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

बाहेर आल्यावर तो एकदा गर्द जास्त ओढून मोरीत पडला. ओठ निळे झाले होते, श्वास जेमतेम चालू होता. मुलीने शेजाऱ्यांना बोलावून रिक्षात घातलं, डॉक्टरांनी सुई टोचून परत आणला. त्यानंतर तो आपल्या पायांनी इस्पितळात गेला. कोर्ट नाही, हुकूम नाही, जामीनदार नाही. रोज जिभेखाली गर्दाची तलफ मारणारी एक गोळी ठेवतो आणि टेम्पो चालवतो. अर्जाचा निकाल अजून लागलेला नाही, कोणी विचारतही नाही. त्याच्या नावावर नशा सापडल्याची नोंद तशीच आहे. मुलगी मला महिन्यातून एकदा फोन करते, बीपीच्या गोळ्या घेतेस ना विचारते आणि ठेवते.

ह्या सगळ्यातून जावई जगला, मुलगी जगली आणि मी जगले.