सही
जयपूरला राहायला जायचं ठरलं तेव्हा आम्ही घरात तेरा माणसं होतो. थोरल्या दिरांनी तिकडं मिठाईचं दुकान टाकलं होतं. भूमजवळच्या आमच्या गावातली खव्याची भट्टी मोडून सगळ्यांनी तिकडंच जायचं, असं सासऱ्यांनी ठरवलं. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका होते. जेवायला वाढता वाढता मी विचारलं, "माझ्या नोकरीचं काय?"

सासूबाई म्हणाल्या, "घरात सहा लेकरं हायत की. त्यान्ला शिकव."

सगळे हसले. नवराही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानंच माझा राजीनामा लिहून आणला आणि सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं. मी केली. आजही मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग येतो.

सामान ट्रकात गेलं, आम्ही रेल्वेनं. वाटेत लेकरांच्या उलट्या आणि सासऱ्यांच्या गोळ्या मीच सांभाळल्या. तिकडं तीन खोल्यांत तेरा जण राहिलो. भावाभावांचं पटेना, दोन वर्षांत दुकान बंद पडलं आणि आम्ही गावी परतलो.

पुरुषांनी जुन्याच जागी पुन्हा भट्टी पेटवली. माझ्या जागेवर मात्र गावातलीच एक सून लागली होती. धाकट्या लेकीला अंगणवाडीत सोडायला गेले, तेव्हा त्या सुनेनं खुर्ची पुढं केली.

"बसा ना, ताई."

"न्हाय, घरी लई काम हाय," म्हणत मी दारातूनच वळले. घरी काहीच काम नव्हतं.