फोटोवरचा हार

भुताटकीची घरं बांधणं हा माझा धंदा आहे. धुराचं मशीन, करकरणारं दार, स्प्रेनं तयार केलेली जळमटं... सगळं मीच लावतो. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास असणं शक्यच नव्हतं. तरी हे लिहितोय.

मी मालिकांचा कला दिग्दर्शक. दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरात, कागल एमआयडीसीच्या रस्त्याला एका बंद गोडाऊनमध्ये आमचा सेट होता – पाटलांचं घर. त्यासाठी मला बक्षीस मिळालं. खरं तर त्या घराचा नकाशा दत्तूमामांचा होता. मामा आमचे हेडसुतार, चंदगडचे. मी शिकाऊ होतो तेव्हापासून बरोबर. वाकडा खिळा कधी टाकायचे नाहीत. ठोकून सरळ करायचे आणि खिशात.

मालिकेत मेलेल्या आजोबांचा फोटो लागतो. आपल्या फोटोला हार घालून घ्यायला नट तयार होत नाहीत, मग युनिटमधल्याच कुणाला तरी गळ घालायची. मी मामांना विचारलं. ते हसले.

"लाव की. मला काय हुतंय? पण शेवटाला नावं येत्यात न्हवं, त्यात माझं येऊ दे एकदा. नातवंडं बघत्यात."

मी हो म्हटलं आणि घातलं नाही. नाव आलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, घर नक्की कुणी आखलं... इतका कोता माणूस मी.

पुढे मामांचं खुब्याचं हाड मोडलं, ते गावी गेले. मग सुरू झालं. सकाळी सेट उघडला की फोटोचा चंदनी हार खाली, नीट गुंडाळून ठेवलेला! वॉचमनवर ओरडलो. शेवटी त्याच्यादेखत हार खिळ्यानं ठोकला, किल्ली घरी नेली. सकाळी हार पुन्हा खाली. शेजारी तो खिळा – उपटून, ठोकून सरळ केलेला.

तिथूनच चंदगडला फोन लावला. सून म्हणाली, "कूस बी बदलता येत न्हाय त्यांना." मग मामा आले फोनवर.

"घातलंस का रं नाव?"

"घालतो की मामा, याच आठवड्यात."

"जित्ता हाय तवर घाल."

त्या आठवड्यात माझी मुलाखत होती. हे घर मला आजोळच्या आठवणीतून सुचलं, असं मी सांगितलं. हार खालीच राहू दिला, उचलायची हिंमत होईना.

सोमवारी मामा गेले. सेट उघडला, तर हार फोटोवर. ना खिळा, ना तार. मालिका संपेपर्यंत तो एकदाही हलला नाही.

चॅनेलनं श्रद्धांजलीची पाटी टाकली. मामांचं नाव पडद्यावर पहिल्यांदा आलं, पुढे 'कै.' लावून. सुनेचा फोन आला, "बघितलं आम्ही. लई बारीक हुतं अक्षर."

हार कोण काढत होतं, मला आजही सांगता येत नाही. नाव का घातलं नाही, ते मात्र येतं.