ढोल्यातली खोट

स्क्रीनवर सानिकाचं चित्र आलं आणि मीटिंगमधले सगळे हसले. मीही हसलो. हत्तीएवढा पक्षी होता. गळ्याखाली पांढरी पिशवी, फुगून पार जमिनीला टेकलेली. शेपटी उलटी होऊन पाठीवर पडलेली. या सगळ्याच्या वर एक लहानसं डोकं, आणि तोंडावर सासुरवाडीत मान न मिळालेल्या जावयाचा भाव.

मग हसणं थांबलं, पण कुणी नजर हलवेना. आमचे आर्ट डायरेक्टर केदार सर म्हणाले, "हे नक्की काय आहे?"

"माळढोक," सानिका म्हणाली. "म्हणजे त्याच्यावरून केलाय. मी याला ढोल्या म्हणते."

तिथं माझं हसू गेलं. कारण माळढोक माझा होता.

मी व्हिडिओ गेमसाठी प्राणी काढतो. स्टुडिओ पुण्यात आणि मी नळदुर्गात, हायवेच्या कडेच्या घरात, वरच्या खोलीत. हे काम गावात समजावून सांगणं अवघड आहे. शेजारचे मलप्पा अण्णा मला बरेच दिवस जनावरांच्या दवाखान्यातला समजत होते. शेवटी एकदा त्यांनी विचारलंच, "दिवसभर वर बसून करताव तरी काय?"

"जनावरं काढतो, अण्णा. जगात नसलेली."

"असलेली काय कमी हायेत व्हय?" अण्णा म्हणाले आणि बैलाला पाणी दाखवायला गेले.

पण जगात नसलेलं जनावर हवेतून काढता येत नाही. ते खोटं दिसतं. म्हणून आम्ही एखादा खरा प्राणी घेतो आणि त्याला वाकवतो. सरड्याला रेड्याएवढा करतो, विंचवाला मान लावतो. हाडं आणि सांधे मात्र खऱ्यासारखे ठेवावे लागतात. या पहिल्या चित्राला कॉन्सेप्ट म्हणतात. त्यावरून पुढं थ्रीडीवाले प्राणी घडवतात आणि अॅनिमेशनवाले त्याला चालवतात.

या वेळचा गेम कोरड्या माळरानावर घडणारा होता. माळ, खडक, बोरी-बाभळी. त्यात एक बॉस हवा होता. बॉस म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, ज्याला हरवल्याशिवाय गेम संपत नाही. ज्याचा प्राणी बॉस म्हणून निवडला जाईल तो टीमचा लीड होणार, हे केदार सरांनी आधीच सांगितलं होतं. टीममध्ये सगळ्यात जुना मी. माळरानात वाढलेलाही मीच. लीडनं पुण्यात बसायला हवं, असं ऑफिसात काही जण म्हणायचे, त्यांना खोटं पाडायची मला घाई झाली होती. घरी तर मी लीड झाल्यासारखाच वागत होतो.

आणि सानिका. ती टीममध्ये माझ्या बऱ्याच नंतर आलेली. सदाशिव पेठेत जन्मलेली मुलगी, माळ म्हणजे काय हे तिनं बसच्या खिडकीतून पाहिलेलं. मागच्या हिवाळ्यात ती आईवडिलांना घेऊन तुळजापूरला दर्शनाला आली होती. तिथून किल्ला बघायला नळदुर्गला आली, तेव्हा मी आग्रहानं जेवायला बोलावलं. माझी बायको वैशाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनं रविवारचा सगळा वेळ घालून भाकरी, शेंगाची चटणी आणि आमटी केली. मी गप्पांमध्ये तामलवाडीच्या मामाच्या शेताची गोष्ट काढली. लहानपणी तिथं माळढोक दिसायचा. आता तो तिकडं दिसणं जवळपास बंदच झालंय. नर उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवायचा आणि घुमायचा. तो आवाज कानापेक्षा पोटात जास्त ऐकू यायचा. आम्हाला पोरांना वाटायचं, पोत्याखाली कुणीतरी माणूस बसलाय.

सानिका घास हातात धरून ऐकत होती. पिशवी पायापर्यंत येते का, आवाज काढताना चोच उघडी असते का, असलं काय काय विचारत होती. मला वाटलं, पाहुणी आहे, माझं कौतुक करतेय. मी वर आणखी चटणी वाढली.

मीटिंग संपल्यावर मी तिला फोन केला.

"सानिका, हा तर मी सांगितलेला पक्षी."

"हो दादा. मी शेवटी सगळ्यांना तेच सांगितलं. नळदुर्गच्या प्रशांतदादांमुळे सुचलं म्हणून. तुम्ही तेव्हा कॉलवर नव्हता का?"

नव्हतो. शेवटी शेवटी आमच्याकडची लाइट गेली होती.

"मला वाटलं, तुम्हीच काढाल माळढोक," ती म्हणाली. "मी वाटही बघितली. तुमची घोरपड आली तेव्हाच मी सुरू केलं."

तिनं ढापलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. इथं ती सरळ होती, तिचं चित्र चांगलं होतं, आणि माझ्याकडे नुसती जळफळ उरली होती. जेवताना ढोल्या, आंघोळीला ढोल्या. हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्नसुद्धा मला घुमल्यासारखा वाटायला लागला.

बॉससाठी मी काढलेली घोरपड काही वाईट नव्हती. घोरपडीला मी सहा पाय दिले होते, पाठीवर काटे, डोक्यावर शिंगं, शेपटीवरही शिंगं, खवल्यांमधून निखारे. बारीक काम इतकं की झूम करत जावं. एक दिवस मी तिची सिल्हुएट करून बघत होतो. सिल्हुएट म्हणजे पूर्ण प्राणी काळ्या रंगानं भरून टाकायचा आणि नुसत्या आकारावरून तो ओळखू येतो का बघायचं. आमच्याकडे ही पहिली परीक्षा. चहा द्यायला वैशाली आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "बाभळ चांगली काढलीय हो."

मी चहा घेतला नाही.

आमच्या स्टुडिओत एक पद्धत आहे. निवड करायच्या आधी चित्रांची अदलाबदल होते. तुझा प्राणी मी तपासायचा, माझा तू. समोरच्याच्या चित्रावर आपल्या रेषा मारून चुका दाखवायच्या. याला पेंटओव्हर म्हणतात. माझ्याकडे ढोल्या आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला गोड झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी ढोल्याच्या मागं लागलो. माळढोकाचे मिळतील तेवढे फोटो गोळा केले, पायाच्या हाडांची चित्रं शोधली. आम्ही प्राण्याची चाल समजून घ्यायला ती स्वतः चालून बघतो, सगळेच करतात. मी दोन गोधड्या पोत्यात कोंबल्या, पोतं गळ्यात बांधलं आणि गच्चीवर वाकून चालायला लागलो. सानिकाच्या चित्रांत ढोल्या फुगलेली पिशवी घेऊन माणसामागं धावत होता. मी धावायला गेलो आणि गुडघा पोत्यात अडकला. पुन्हा धावलो, पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा तोंडावर पडलो आणि पडल्या पडल्या मला हसू आलं.

"आता ह्ये काय म्हणायचं?" शेजारच्या गच्चीवरून मलप्पा अण्णा म्हणाले. ते पापड राखत बसले होते.

"ऑफिसचं काम, अण्णा."

"लई अवघड नोकरी बघा तुमची," ते म्हणाले.

वैशाली पोत्याची गाठ सोडायला आली. "एवढा जीव स्वतःच्या घोरपडीला लावला असता तर?" ती म्हणाली. मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही. मला आणखी एक खोट सापडली होती आणि कधी एकदा मीटिंग होते असं झालं होतं.

मीटिंगमध्ये मी लाल रेषांनी भरलेला ढोल्या उघडला. आवाज शक्य तेवढा गोड ठेवला.

"कल्पना छानच आहे. पण सर, हा प्राणी पळू शकत नाही. पिशवी फुगली की गुडघा तिच्यात अडकतो. खरा माळढोकही फुगलेला असताना जागेवर घुमत उभा राहतो, नाहीतर हळूहळू फिरतो. आणि बॉसला तर माणसाच्या मागं धावायचंय."

मी थांबलो. सानिका वहीत काहीतरी लिहीत होती. तिचा चेहरा उतरलेला बघायची माझी इच्छा होती, पण कॅमेऱ्यात फक्त तिचा भांग दिसत होता.

"पिशवी रिकामी झाली की?" केदार सरांनी विचारलं.

"मग पळेल. माळढोक चांगला पळतो."

"म्हणजे तो घुमतोय तोवर आपण सुरक्षित. घुमणं थांबलं की तो निघाला."

कुणीतरी "बाप रे" म्हणालं. गेममध्ये शत्रू हल्ल्याआधी काहीतरी खूण देतो, खेळणाऱ्याला सावध व्हायला. तिला टेल म्हणतात. बहुतेक वेळा खूण म्हणजे आवाज असतो, डरकाळी वगैरे. इथं आवाज बंद होणं हीच खूण. असं आम्ही कुणीच आधी केलं नव्हतं. मला हे सरांच्या तोंडून ऐकताना कळलं.

मी घाईनं दुसरी खोट काढली. "आणि पायाला मागचं बोट दिलंय, गरुडासारखं. माळढोकाला मागचं बोट नसतं. पुढची तीनच. त्याला फांदी धरता येत नाही, झाडावर बसता येत नाही. इथं तो सुळक्यावर चढलेला दाखवलाय, ते साफ चूक आहे."

"चढू शकत नाही?"

"नाहीच शकत."

"मग माळावर एक बाभळ देऊ," सर म्हणाले. "पळून जायला एकच झाड. खेळणारा वर, ढोल्या खाली. आणि खाली उभा राहून पुन्हा पिशवी फुगवायला लागला." ते खुर्चीत मागं टेकले. "प्रशांत, उत्तम पेंटओव्हर. असं काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही."

"थँक यू दादा," सानिका म्हणाली. तिचा आवाज खरा होता, त्याचाच जास्त राग आला.

मग तिनं माझी घोरपड उघडली. एकही लाल रेष नव्हती. नुसती काळी सिल्हुएट ठेवली होती.

"काम फार सुंदर आहे दादांचं," ती म्हणाली. "मला एकच कळलं नाही. ही चावते कुठल्या बाजूनं?"

कुणी हसलं नाही. सगळे मन लावून तोंड शोधत होते. शोधता शोधता मीटिंगची वेळ संपली.

ढोल्या बॉस झाला आणि सानिका लीड झाली. केदार सरांनी मला वेगळा फोन करून सांगितलं. मी छान छान म्हणालो आणि फोन ठेवून खोलीतला पंखा उगाच पुसला. लीड झाल्यावर तिनं पहिली मागणी केली ती अशी की, तिचा प्रत्येक प्राणी पुढं जाण्याआधी नळदुर्गला माझ्याकडे यावा. तेव्हापासून येतात. तिचं नवं चित्र उघडलं की अजूनही आधी जळफळ होते, मग डोळे कामाला लागतात. प्रेमानं बघितलं असतं तर मला तो गुडघा कधीच दिसला नसता. टीममध्ये आता माझं नाव घेतात ते यासाठीच, आणि मी कुणाला खरं कारण सांगितलेलं नाही.

गेम बाहेर आला तेव्हा वैशाली खुर्ची ओढून बसली. "तुमचं काय हाय ह्यात, दाखवा."

मी तिला ढोल्या राहतो त्या घळीपर्यंत घेऊन गेलो. माळढोक सरडे-बिरडे खातो, म्हणून घळीत काहीतरी खाल्लेलं पडलेलं हवं होतं, आणि तयार चित्र एकच होतं. कोपऱ्यात माझी घोरपड पडली होती. बरगड्या उघड्या, निखारे विझलेले.

"ही व्हय? मेलेली हाय की."

"ढोल्यानं खाल्लीय."

वैशालीनं वाकून नीट बघितलं. "शिंगं तेवढी तशीच सोडलीत. गिळवली नसतील त्याला."

या धंद्यात नवीन येणारी पोरं मला सल्ला विचारतात. मी सांगतो, शिंगं कमी लावा. आणि आपल्या गावाकडचं काही पाहुण्याला सांगावंसं वाटलं, तर आधी ते कागदावर काढून ठेवा, मग जेवायला वाढा.