खाडाखोड नसलेली चिठ्ठी

परशाअण्णाचा नंबर मोबाईलवर दिसला तेव्हा मी पिरनवाडीच्या घरासमोर स्कूटर पुसत होतो. तीन आठवडे आमचा अबोला चालला होता. ‘आला की नाही शेवटी नमतं घेऊन!’ असं मनाशी म्हणत मी फोन दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला, तोही घसा खाकरून, जरा रुबाबात. पलीकडे अण्णा नव्हताच. त्याची बायको, वैनी होत्या. “मास्तर, सकाळी माग सुरू कराय गेले आणि तिथंच कोसळले... तुमी या.” त्यानंतर त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. हातातलं फडकं मात्र मी थेट वडगावात अण्णाच्या घरापर्यंत घेऊन गेलो होतो.

निपाणीच्या शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून मी बेळगावला आलो. अण्णा घरच्याच मागांवर साड्या विणायचा. साडी घ्यायला म्हणून मी त्याच्या दारात गेलो, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे मी चुकीच्या घरात शिरलो होतो. आत टीव्हीवर एक जुना काळा-पांढरा रहस्यपट चालू होता. पडका बंगला, हलती मेणबत्ती, भिंतीवरच्या तसबिरीत डोळे वटारलेले मालक. मी उभ्या उभ्याच म्हणालो, “नोकरानं मारलंय.” अण्णानं वळून बघितलं. “बस रं मास्तर. चुकलायस, पण बस.”

तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमची बैठक. अण्णाचे माग बंद असायचे, पण शेजारचे चालूच. त्या खडखडाटात संवाद ऐकू यायचे नाहीत, आणि तशीही अण्णाची श्रवणशक्ती मागांनी कधीच खाऊन टाकली होती. तो पात्रांचे हात बघायचा. “तोंड खोटं बोलतंय, हात न्हाई बोलत,” म्हणायचा. पिक्चर संपायला पंधरा मिनिटं उरली की तो थांबवायचा. मग दोघांनी गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहून सुताच्या कांड्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं, आणि मगच शेवट बघायचा. हरणाऱ्यानं चहा करायचा. सात वर्षांत त्या घरातली साखर कुठल्या डब्यात आहे हे वैनींपेक्षा मला जास्त ठाऊक झालं. मी आधी नोकर लिहायचो, खोडायचो, डॉक्टर लिहायचो, तोही खोडायचो, आणि शेवटी पुन्हा नोकर. अण्णा ती चिठ्ठी साडीचा पोत बघावा तशी अंगठ्यानं चाचपून हसायचा. “ह्यात तर दोन खून झालेत रं!”

पुढच्या रविवारी कुठला पिक्चर हे तो आधीच सांगायचा. आणि इथंच माझी मती फिरली. शनिवारी घरी मोबाईलवर मी त्या पिक्चरचा शेवट बघून घेतला. साठी उलटलेला, मुलांना कॉपी करताना पकडून वर्गाबाहेर काढणारा मी! रविवारी ठसक्यात ‘विधवा वहिनी’ लिहून चिठ्ठी टाकली आणि जिंकलो. पाय पसरून म्हणालो, “अण्णा, आज चहा तुझ्या हातचा.” त्यानं निमूट चहा केला. माझ्यासमोर ठेवला. मग माझी चिठ्ठी अंगठ्यानं चाचपली.

“मास्तर, शेवट बघून आलतास?”

“काय बोलतोस! एकदा जिंकलो तर एवढं झोंबलं?”

“चिठ्ठीत एक खाडाखोड न्हाई तुझ्या.”

तेव्हा ‘व्हय’ म्हणालो असतो तर दोघं पोट धरून हसलो असतो. मी तसाच चहा टाकून उठलो. “सात वर्षांनी चोर ठरवलंस मला,” असंही वर सुनावलं. रस्त्यात स्कूटर सुरू होईना, तर ती ढकलत नेली, पण मागं वळलो नाही. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचा गेला, तिसराही गेला... आणि मग तो फोन.

अण्णा गेल्यावर महिन्याभरानं वैनींनी बोलावलं. टीव्हीसमोर दोन खुर्च्या होत्या तशाच होत्या. वैनींनी कांड्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. “तिसऱ्या रविवारी एकटेच बसलते. पिक्चर थांबवला, चिठ्ठी टाकली आणि म्हणाले, मास्तर आल्याशिवाय शेवट लावायचा न्हाई. मला मात्र कानात सांगितलं, डॉक्टर हाय, त्याचे हातमोजे बघ म्हणून.”

आम्ही दोघांनी उरलेली पंधरा मिनिटं बघितली. शेजारचे माग चालू होते, एक शब्द ऐकू आला नाही. डॉक्टरच होता. मग मी अण्णाची चिठ्ठी उघडली. त्याच्या जाड, वळणदार अक्षरात एकच शब्द होता: नोकर.

वैनी म्हणाल्या, “असं कसं? मला तर डॉक्टर सांगितलं.” माझी ती एक लबाडी सोडली तर सात वर्षांत एकदाही न हरलेला माणूस मुद्दाम हरायला बसला होता. मी यावं, जिंकावं आणि त्यानं चहा करावा म्हणून. आणि मी तिकडे घरी बसून फोन वाजायची वाट बघत होतो, म्हणजे न उचलता येईल...

त्या दिवशी चहा मीच केला. निघताना एक कागद फाडला आणि लिहिलं, ‘अण्णा, मी शेवट बघून आलतो.’ आधी ‘चुकून’ लिहिलं होतं, ते खोडलं. मग ‘फक्त एकदाच’ लिहिलं, तेही खोडलं. घडी घालून ती चिठ्ठी डब्यात टाकली. वैनींनी ती बाहेर काढली, उघडली नाही, नुसती अंगठ्यानं चाचपली आणि परत ठेवली.