दोनाचं एकात मिटवलेले जंत

माझ्या शालकाने मला आजवर एकच गोष्ट फुकट दिली, आणि तिच्या पोटात जंत होते.

शालक प्रकाश धुळ्याचा. मी फैजपूरचा केळीचा व्यापारी. हातगाडीपासून सुरुवात करून आज ट्रक भरतो, ते काही गोड बोलून नाही. समोरचा म्हणेल त्याच्या निम्म्यावर बोट ठेवायचं, एवढीच विद्या मला येते. पण ते कुत्र्याचं पिल्लू बघून मी विरघळलो. (फुकट होतं ना!) त्याचं पोट तर असं टम्म, की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचो, "बघा, आठवड्यात माल कसा भरलाय!"

एका सकाळी पिल्लाने तो भरलेला माल अंगणात ओकला. शेवयांसारखं काहीतरी पडलं, आणि त्या शेवया हलत होत्या!

आई सोनगीरची. घाबरली की तिची अहिराणी सुटते. "आरे देवा! हाई काय शे? पोर त्यानासंगे खेळस ना रे!"

पोर म्हणजे माझी चार वर्षांची परी. बांधकामाची रेती दारात पडली होती. पिल्लू त्यावरच बसून मोकळं व्हायचं आणि परी तिथेच घरं बांधायची!

मी पिल्लू उचललं आणि गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"आज एक डोस, पंधरा दिवसांनी दुसरा," ते म्हणाले.

"दोन कशाला? एकात मिटवा."

"भाऊ, आज मोठे जंत मरतील. मागे राहिलेल्या अळ्या वाढल्या की त्यांच्यासाठी दुसरा."

"मग आज जरा जोरात द्या!"

"हा काय केळीचा सौदा आहे?"

"बरं, तुमचंही नको, माझंही नको. आज एक, पुढचं पुढे बघू!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग परीबद्दल विचारलं आणि त्यांचा आवाज बदलला. "विष्ठेतली अंडी रेतीत टिकून राहतात. लेकराच्या हाताने तोंडात गेली, तर अळ्या अंगभर फिरतात. क्वचित डोळ्यापर्यंतही जातात. रेती हलवा, हात साबणाने धुवायला लावा." मी मान डोलावली. (मान डोलवायला पैसे पडत नाहीत.)

घरी येऊन मी ऐटीत जाहीर केलं, "दोनाचं एकात मिटवलं!"

"कोणाशी?" बायको म्हणाली. "जंतांशी?"

पुढे केळीची कापणी लागली. दुसरा डोस राहिला. रेतीही तिथेच राहिली, कारण ती उचलणारा ट्रॅक्टरवाला त्याचा भाव सोडेना आणि मी माझा! मग एका दुपारी परी रडत आत आली. "पप्पा, डोळ्यात टोचतंय." डोळा लालबुंद, पाण्याची धार.

बायको एवढंच म्हणाली, "डोळ्यापर्यंत जातात, म्हणाले होते ना ते?"

मी परीला उचललं, आई आणि बायको मागोमाग गाडीत बसल्या.

जळगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यापर्यंत गाडीत फक्त परीचे हुंदके. दवाखान्यात नंबर येईना. मला कोणावर तरी ओरडल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. प्रकाशला फोन लावला.

"कुत्रा दिलास की रोग दिलास रे?"

"दाजी, जंताची गोळी द्या, असं तेव्हाच सांगितलं होतं."

"कधी सांगितलंस?"

"तुम्ही सोबत पट्टाही दे म्हणून भांडत होतात, तेव्हा!"

मी फोन कापला. (पट्टा त्याने दिला नाहीच. मी ते विसरलेलो नाही.)

आत डॉक्टरांनी परीच्या डोळ्यात थेंब टाकले, मशीनला डोळा लावला आणि गप्प बसले. परीची मूठ माझ्या बोटाभोवती आवळलेली. ही गप्प बसायची युक्ती मी बाजारात हजारदा वापरली आहे, पण माझ्यावर ती कोणी चालवली की काय होतं, ते त्या दिवशी कळलं!

"डॉक्टर, काय असेल ते सांगा," मी म्हणालो. "मी काहीच घासाघीस करणार नाही."

बायकोने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"रेतीचा कण आहे, पापणीखाली," डॉक्टर म्हणाले. "आतला पडदा स्वच्छ आहे." त्यांनी अलगद कण काढला. "पण घरात कुत्र्याला जंत झालेत म्हणता, तर मुलीला एकदा लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नक्की न्या."

बाहेर आल्यावर आईने डोळे पुसले आणि माझ्यावर वटारले. "तुना भाव पाडाना धंदा घरना बाहेर ठेव!"

संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टरवाल्याने मागेल त्या भावात रेती उचलली होती आणि मी पिल्लू काखेत मारून गुरांच्या डॉक्टरांपुढे उभा होतो.

"दुसरा डोस द्या. तिसराही आजच द्या. जमलं तर एक शालकासाठी बांधून द्या!"

"आज एकच. वजनाप्रमाणे."

"निदान दोन तरी!"

"एक."

"चला, तुमचंही नको, माझंही नको, दीड!"

"भाऊ, एक म्हणजे एक!"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःहून जास्त मागितलं, आणि समोरच्याने मला निम्म्यावर आणून सोडलं!