मर्व पेचेलने निवडलेलं माप

सलग तीन शनिवार मर्व पेचेलच्या गोळ्या विखुरल्या. सातशे मीटरचं अंतर, वारा पडलेला, निशाणं काठ्यांना लोंबत असलेली. तरी त्याची एक गोळी लक्ष्याच्या मधोमध लागायची, दुसरी दूर बाहेरच्या वर्तुळात, तिसरी भलतीकडेच. टार्नीच्या रायफल क्लबात चाळीस वर्षं पालथं पडून नेम धरलेल्या माणसाला एवढं कळतं, की वाऱ्याने ढकललेल्या गोळ्या एका बाजूला जातात. या गोळ्यांना बाजूच नव्हती.

कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. एरवी कुणाची एक गोळी ढळली तरी चहाच्या वेळी त्याची सालटी काढली जात. या वेळी सगळ्यांनी मर्वला बिस्किटं पुढे केली.

मर्व अडुसष्ट वर्षांचा होता. त्याच्या बापाचा, एर्हार्टचा, हात अडुसष्टाव्या वर्षीच थरथरू लागला होता. चर्चमध्ये दानाचं तबक फिरवताना त्यातली नाणी आधी हळू वाजायची, मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ लागली. पुढे त्याच्या हातात कुणी तबक दिलं नाही. त्या वाजण्याची आठवण मर्वने इतकी वर्षं बंद ठेवली होती. आता दाढी करताना तो मध्येच थांबून स्वतःचा उजवा हात बघायचा. बघताना हात स्थिर असायचा. पण पाहुणे आले की शहाणं होणारं मूल त्याने पाहिलेलं होतं.

ईस्टरच्या सामन्यांसाठी सहा नावं शुक्रवारी कळवायची होती. क्लबची कप्तान नोलीन हार्टविख. तिचं गावात दुकान होतं. पुढे कुंपणाची तार आणि मेंढ्यांची औषधं, मागच्या फळीवर नेमबाजांचं सामान. वीस वर्षांपूर्वी मर्वनेच तिला श्वास सोडता सोडता घोडा दाबायला शिकवलं होतं. बुधवारी सकाळी तो तिच्या दुकानात गेला.

"काडतुसं तिरकी होताहेत असं वाटतंय," तो म्हणाला. "मोजायचं काहीतरी दाखव."

मर्व आपली काडतुसं स्वतः भरायचा. वापरलेली पितळी नळी पुन्हा मापात आणायची, दारू भरायची, वरून गोळी बसवायची. ती गोळी नळीच्या मानेत नाकासमोर सरळ बसली पाहिजे. केसभर तिरकी बसली तरी सातशे मीटरवर त्या केसभराचं हातभर होतं.

"चाळीस वर्षं नुसत्या डोळ्यांनी बघून टाकायचास. आता डोळ्यांवर भरवसा नाही?"

"तुझ्यावर नाही. दाखव."

नोलीनने दोन यंत्रं मांडली. पहिल्यात काडतूस दोन टोकांमध्ये पकडलं जायचं आणि बाजूचं चाक फिरवलं की आपोआप गोल फिरायचं. तिरकी गोळी रेटून सरळ करायला एक दांडाही होता. दुसरं साधं होतं. चार पोलादी गोट्यांवर काडतूस आडवं ठेवायचं, वरून डायलची सुई गोळीला टेकवायची आणि बोटाने काडतूस फिरवायचं.

"पहिलं घे," ती म्हणाली. "महाग आहे, पण त्याला हात लावावा लागत नाही. दुसऱ्यात बोट जरा थरथरलं तरी सुई नाचते."

तिने ते सहज म्हटलं. मर्वने मात्र तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि ती एकदम पावतीचं पुस्तक शोधायला खाली वाकली.

त्याने पहिलं घेतलं. गाडीत बसून खोका शेजारच्या सीटवर ठेवला, किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोर धान्याच्या कोठारांवर पांढरे काकाकुवा किंचाळत होते. हे यंत्र काडतुसाबद्दल सगळं सांगेल. आपल्या हाताबद्दल काही विचारणार नाही. काडतुसं तिरकी निघाली तरी हाताचा प्रश्न उरणारच, फक्त एका चांगल्या यंत्राआड लपून. बापही शेवटी शेवटी हात खिशात ठेवूनच बोलायचा.

तो परत आत गेला.

"दुसरं दे."

"अरे मर्व, आत्ता सांगितलं ना..."

"म्हणूनच."

नोलीनने खोका बदलला. "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुझं नाव लिहायचं की नाही ते सांग," ती म्हणाली. "मी विचारणार नाही."

दुपारी घरी त्याची बायको ग्लेनिस चादरींच्या घड्या घालत होती. शेत विकून ते गावात राहायला आले त्याला वर्षच झालं होतं. शेतावर काडतुसं भरायला अख्खी शेड होती. इथे कपडे धुण्याच्या खोलीतला अर्धा ओटा. मर्वने यंत्र त्यावर ठेवलं, पण काडतूस काढलं नाही. खालच्या खणातून तेलकट फडक्यात गुंडाळलेली पोलादी पिन काढली. जन्मभर शेतीयंत्रं दुरुस्त करताना मापं तपासायला त्याने ती जपली होती. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत निखळ गोल. तिच्यात खोट नव्हती. सुई हलली तर हात हलला.

त्याने पिन गोट्यांवर ठेवली, सुई टेकवली. मग तो तसाच उभा राहिला.

"प्रार्थना चाललीय का?" ग्लेनिसने विचारलं.

"गप्प बस जरा."

त्याने बोट ठेवलं आणि पिन फिरवली. एक फेरा. दुसरा. सुई शून्यावर होती. त्याने डोळे मिटून फिरवली, मग एकदम उघडले, चोरी पकडावी तसे. सुई शून्यावरच होती. डाव्या हाताने फिरवली. शून्य.

मर्व कपडे धुण्याच्या यंत्रावर बसला. छातीत काहीतरी मोठं, बरेच दिवस उभं असलेलं, खाली बसलं.

त्यानंतर त्याने शनिवारची उरलेली काडतुसं लावली. सुई पाच घरं पुढे जाऊन मागे आली. दुसऱ्याला सहा. एकही सरळ नव्हतं. स्वतःचं काम वाईट निघाल्याचा त्याला आयुष्यात कधी इतका आनंद झाला नव्हता.

एक रिकामी नळी मापात आणताना दाबयंत्राच्या दांड्याला झटका बसला, आणि त्याला सगळं उमगलं. नळीच्या मानेतून एक पोलादी बोंड ओढून काढावं लागतं. मान आतून कोरडी असली की ते अडकतं आणि मानेला वाकडं ओढतं. शेडमध्ये तो मानेत शिसपेन्सिलीतली काळी पूड लावायचा. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती पूड धुतलेल्या चादरींवर उडाली आणि ग्लेनिसने डबाच बाहेर काढला. शेडमध्ये भरून ठेवलेली काडतुसं वर्षभर पुरली, ती गेल्याच महिन्यात संपली होती.

तो डबा मागच्या पडवीतून घेऊन आला. पूड लावून तीन काडतुसं तयार केली, दारू न भरता. सुई अर्धं घर हलली. तिसऱ्याला तेवढंही नाही.

"ग्लेनिस, तुझ्या चादरींनी मला खाली पाडलं."

"म्हणजे दोष माझा?"

"पूर्ण तुझा."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि हातातली चादर तशीच धरून खुर्चीवर टेकली. "मला वाटलं, तुझ्या वडिलांचं..."

"तुला कधीपासून वाटत होतं?"

ती उठली आणि तिने चहा केला. मर्वने कपाकडे बघितलं. काठोकाठ भरलेला होता. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की जानेवारीपासून आपल्याला पाऊण कपच चहा मिळतोय, आणि आपण एकदाही विचारलं नाही.

त्याने कप उचलला आणि फोनपर्यंत चालत गेला. बशीत दोन थेंब सांडले. ते त्याने बघितले, ग्लेनिसनेही बघितले.

"कडेपर्यंत भरलास तर कुणाचाही सांडेल," तो म्हणाला.

"चादरींपासून लांब सांड."

त्याने नोलीनचा नंबर फिरवला.

"माझं नाव लिही," तो म्हणाला. "आणि ते महागाचं यंत्र खिडकीत ठेव. कुणीतरी घेईल."