पत्र्याचा आठ इंची चौकोन

इझाबेलबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते, आणि शिक्षिकेचा रुबाब काही उतरला नव्हता. बोळिंजहून रिक्षा करून पापडीला त्यांच्या ओटीवरच्या गोधडीच्या वर्गात गेले. "माप घेता येतं?" त्यांनी विचारलं. "अहो, तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी!" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं टीचर," त्या म्हणाल्या, "मंग पयल्यापासून शिकावं लागेल."

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि आज सहा वर्षं झाली, जातेच आहे.

बाईंच्या ओटीवर भिंतीला एक पत्र्याचा चौकोन टांगलेला असतो. खाऊच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून त्यांच्या यजमानांनी तो करून दिला होता. बाजू बरोबर आठ इंच. चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिलाईत जातो, गोधडीत सात इंच दिसतो. बाईंचं सगळं शिक्षण त्या पत्र्याभोवती फिरतं. टेप त्यांना चालत नाही, कारण कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते. प्रत्येकीने पत्र्यावरून पुठ्ठा कापून न्यायचा आणि दर तुकडा त्या पुठ्ठ्यावरूनच आखायचा. कापलेल्या तुकड्यावरून दुसरा तुकडा कापायचा नाही. हे त्या इतक्या वेळा सांगतात की नवीन बायका हसायला लागतात. मीही हसत असे.

आणखी एक त्यांचा नियम म्हणजे कोरं कापड धुतल्याशिवाय मापायचं नाही, नाहीतर पहिल्याच धुण्यात गोधडी आकसते. अर्नाळ्याची एक मासे विकणारी बाई एकदा कोरंच कापड घेऊन आली. बाईंनी ते परत तिच्या हातात दिलं. "बाजारातून यायलाच दुपार होते, धुवू कधी?" ती रडवेली झाली. पुढच्या वर्गाला ती आली तेव्हा तिचं कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घडी घातलेलं तिच्या जागेवर ठेवलेलं होतं. बाईंनी आदल्या वेळी ते तिच्या पिशवीतून हळूच काढून घेतलं होतं. नियम मोडायचा नाही, पण माणसालाही परत पाठवायचं नाही, अशी त्यांची रीत.

आता माझी गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरव अंकात नाही सांगायची तर कुठे?

माझी आई गेली त्या वर्षी माझ्या मुलीला दिवस गेले होते. पणतवंडासाठी गोधडी मीच शिवणार, असं आई सारखी म्हणायची. तिच्या मागे तिच्या चार सुती साड्या उरल्या. त्यांचीच गोधडी करायचं मी ठरवलं. स्वभावाने मी उतावळी. पहिला तुकडा पुठ्ठ्यावरून कापला, मग पुठ्ठा कुठेतरी कापडाखाली गेला आणि तो शोधायचा मला कंटाळा आला. दुसरा तुकडा पहिल्यावरून कापला, तिसरा दुसऱ्यावरून. असे अठ्ठेचाळीस. प्रत्येक वेळी खडूची रेघ जराशी बाहेर सरकत होती, ते माझ्या गावीही नव्हतं. सहा-सहा तुकड्यांच्या आठ ओळी शिवल्या आणि जोडायला घेतल्या, तर शेवटची ओळ पहिलीपेक्षा चांगली चार-पाच बोटं लांब!

साड्या संपल्या होत्या, आणि आई काही आणखी साड्या द्यायला येणार नव्हती. गाठोडं घेऊन तशीच पापडी गाठली. बाईंच्या ओटीवर बसून, गणिताची शिक्षिका असलेली मी, लहान मुलीसारखी रडले.

बाईंनी कात्री घेतली, पहिल्या ओळीतला पहिला तुकडा आणि शेवटच्या ओळीतला शेवटचा उसवून एकावर एक ठेवले. शेवटचा बोटभर मोठा. मग तो पहिला पत्र्यावर ठेवून पाहिला. तंतोतंत.

"रडू नको बाय," त्या म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला टीचर म्हटलं नाही. "ल्हान झाले असते तर मी पन तुझ्यासंगती रडले असते. मोठे झालेत ना? मोठ्याचं करता येतं. चल, उसव."

चार दिवस आम्ही दोघी उसवत होतो, आणि प्रत्येक तुकडा पत्र्यावर ठेवून बेतशीर करत होतो. दोरीसारखी बारीक कात्रणं खाली पडत होती. मी ती झाडायला केरसुणी उचलली तर बाई कडाडल्या, "आईचं लुगडं हाय ते! केरात टाकते?" ती सगळी कात्रणं त्यांनी वेचली, थोड्या कापसात मिसळली आणि एक चिमुकली उशी शिवून दिली. माझी नात त्या गोधडीवर रांगायला शिकली. आता ती पाच वर्षांची आहे, आणि उशी डोक्याखाली नसेल तर आजही झोपत नाही.

यंदा बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, हातही थोडा कापतो. मागच्या महिन्यात वर्गात त्यांनी स्वतः कापलेला तुकडा पत्र्यावर ठेवला आणि तो कमी भरला. बाईंनी कात्री माझ्या हातात दिली. "आजपासून टीचर कापनार," त्या म्हणाल्या, "आनी मी बघनार." मी पुठ्ठा कापडावर ठेवला आणि रेघ आखली.

बाई, तुम्ही बघत राहा. तुमच्या आयुष्याचं कापड बेतताना त्या वरच्याचा हात माझ्यासारखाच उतावळा असू दे, दर वर्षी रेघ जराशी बाहेरच सरकू दे. कमी पडलं तर आम्हाला काही करता यायचं नाही. मोठं झालं तर काय करायचं, ते तुम्ही आम्हाला शिकवलं आहे.